मार्बल हिलला निघण्याआधी भरतीची वेळ बघा

आधी पैशांचं सांगते, कारण तो राग अजून उतरलेला नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला ट्विकनम इथे थेम्सच्या काठी मार्बल हिल हाउस आहे. १७२४ ते १७२९ या काळात बांधलेलं हे घर इंग्लंडमध्ये ग्रेड वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, संरक्षित घर आहे. ते बघायला मी आणि माझ्या धाकट्या जावेने माणशी ४२ पाउंड भरले. दोघींचे मिळून ८४. इंटरनेटवर जाहिरात होती: नदीकाठाने चालत, सोबत मार्गदर्शक, घराचा प्रवेश समाविष्ट, वाट सपाट आणि सोपी. दारात पोचल्यावर तिथल्या स्वयंसेवक बाईंना आम्ही आमची पावती दाखवायला लागलो, तर त्या म्हणाल्या, इथे तिकीटच नसतं. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये घर पुन्हा उघडलं तेव्हापासून ते सगळ्यांना मोफत आहे.

तेव्हा पहिला सल्ला हाच. मार्बल हिलचं ‘तिकीट’ कोणी विकत असेल तर घेऊ नका. घराची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था करते, त्यांच्या संकेतस्थळावर उघडण्याचे दिवस आणि वेळा दिलेल्या असतात. घर आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं आणि हिवाळ्यात दिवस आणखी कमी होतात, म्हणून ते बघूनच निघा. भोवतालचा बगिचा मात्र सार्वजनिक आहे, घर बंद असलं तरी तिथे जाता येतं.

पण ८४ पाउंडांपेक्षा जास्त मनस्ताप त्या ‘सपाट आणि सोप्या’ वाटेने दिला. हा मजकूर मी मुख्यतः त्या एका वाटेसाठी लिहिते आहे.

रिचमंड स्टेशनवर उतरलात की दहा-बारा मिनिटांत रिचमंडचा पूल येतो. १७७७ मध्ये पुरा झालेला हा दगडी पूल लंडनमधल्या थेम्सवरच्या आज उभ्या असलेल्या पुलांत सर्वांत जुना आहे. पूल ओलांडून डावीकडे नदीकाठी उतरलं की मार्बल हिलच्या बागेपर्यंत एक पायवाट जाते, तिला वॉरन फुटपाथ म्हणतात. एका हाताला झाडं आणि नदी, दुसऱ्या हाताला बागा, कुंपणं आणि घरांच्या मागच्या भिंती. कोरड्या दिवशी वीसेक मिनिटांची चाल. नकाशावर बघितलं तर यात अडण्यासारखं काहीच दिसत नाही.

माझं माहेर अलिबागजवळचं. भरती-ओहोटीचा हिशोब आमच्या घरात लहानपणीच कळतो. बाबांनी शिकवलेली रीत साधी होती: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्या शुक्रवारी भाद्रपदातली पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, पितृपंधरवडा लागला होता, द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दीडला भरती, तीनला पाणी उतरणीला, असं मनाशी धरून मी दुपारी तीनला स्टेशनवर मार्गदर्शकाला भेटले. उधाणाचे दिवस आहेत हे मला ठाऊक होतं. माझ्या हिशोबाने ते उधाण दुपारीच होऊन गेलं होतं.

हा हिशोब आपल्या किनाऱ्यासाठी बरोबर आहे, थेम्ससाठी नाही. चंद्र तोच, त्यामुळे उधाण तिथेही अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनीच येतं. पण समुद्राचं पाणी मुखातून आत चढत लंडनपर्यंत यायला वेळ लागतो. लंडन ब्रिजला भरती पुरी झाली की त्यानंतर साधारण तासाभराने ती रिचमंडला होते. त्यात उन्हाळी वेळेमुळे त्यांचं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. हे सगळं मिळून उधाणाच्या दिवसांत रिचमंडची भरती दुपारी साडेतीन ते सहाच्या दरम्यान येते. दुसरी येते पहाटे, पण पहाटे कोणी फिरायला जात नाही. म्हणजे सगळ्यांत मोठं पाणी नेमकं त्याच वेळी असतं, जेव्हा माणसं जेवून, चहा घेऊन नदीवर निघतात.

अजून एक गोष्ट आहे आणि ती आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला जास्त फसवते. अलिबागला ओहोटी लागली की डोळ्यांना दिसते. खडक उघडे पडतात, कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत माणसं चालत जातात. रिचमंडला तसं होत नाही. पुलाच्या खालच्या अंगाला १८९४ मध्ये बांधलेला एक बांध आहे. त्याचे लोखंडी दरवाजे भरतीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास वर उचललेले असतात, एरवी ते खाली सोडून पाणी अडवून धरतात. त्यामुळे ओहोटीच्या वेळीही नदी दोन्ही काठ भरून शांत पडलेली दिसते. पाणी चढणीला आहे की उतरणीला, हे नुसतं बघून कळत नाही. मी काठावर उभं राहून पाणी बघितलं, मला ते थांबलेलं वाटलं. ते चढत होतं.

पाऊण किलोमीटर गेलो असू, तेव्हा जाऊ म्हणाली, “ताई, इथे पाऊस पडलाय का? माती ओली आहे.” पाऊस नव्हता. पाणी लाटेसारखं येत नाही, हे लक्षात ठेवा. आधी वाटेवरच्या खोलगट जागा भरतात, गवतातून बुडबुडे येतात, मग दोन डबकी एकमेकांना मिळतात, आणि आपण पुढच्या वळणाकडे बघत असताना मागची वाट गेलेली असते. मार्गदर्शक मुलगा पुढे होता. “पाच मिनिटं आणि,” असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने बूट काढले, आणि तेव्हा मला कळलं की या वाटेवर तो या वेळेला पूर्वी कधी आलेला नव्हता. घोट्यापर्यंत असलेलं पाणी दहा मिनिटांत पोटरीला लागलं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं. थेम्सचा गाळ साबणासारखा आहे, आणि वाटेची कड कुठे संपते, नदी कुठे सुरू होते, ते गढूळ पाण्यात ओळखू येत नाही. मी कुंपणाला धरून, जावेचा हात धरून मागे वळले. बाहेर पडायला बोळ आहेत, पण थोडे आहेत, आणि नवख्या माणसाला भिंतींमधून ते सापडत नाहीत.

आमच्या मागून साठीच्या पुढचं एक जोडपं येत होतं. त्यांनी आम्हाला बघून लांबूनच हात केला आणि आपण होऊन परत फिरले. ते तिथलेच असावेत.

तेव्हा माझा स्पष्ट निकाल असा. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरचे चार दिवस, आणि त्यातही मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरातले, दुपारी वॉरन फुटपाथने जाऊ नका. वरच्या भागात आठवडाभर पाऊस झाला असेल तर इतर दिवशीही विचार करा, कारण नदीचं स्वतःचं पाणी भरतीवर चढतं. लंडनच्या भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात रिचमंडची वेळ बघा, नसेल तर लंडन ब्रिजच्या वेळेत एक तास मिळवा. त्या वेळेच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास नदीकाठ वर्ज्य. चांगले बूट तुमच्याकडे असतीलच, पण बुटांनी हा प्रश्न सुटत नाही.

त्याऐवजी पूल ओलांडून सरळ रिचमंड रोडने चालत जा. रहदारीचा रस्ता आहे, बघण्यासारखं काही नाही, पण पाणी येत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही बागेच्या उत्तरेच्या फाटकाशी असता. चालायचं नसेल तर ३३, ४९०, एच२२, आर६८, आर७० या बस त्याच रस्त्याने जातात. हाउन्सलोला राहणाऱ्या आपल्या मंडळींना एच३७ ने सेंट मार्गरेट्सला उतरून चालत येता येईल. आम्ही पहिल्या दिवशी शेवटी त्याच रस्त्याने, पाण्याने जड झालेल्या बुटांनी, चार वाजून पस्तीस मिनिटांनी घरापाशी पोचलो. पाचला घर बंद झालं. २५ मिनिटांत काय बघणार! मार्गदर्शकाने दारातच निरोप घेतला. पैसे परत मागितले, ते मिळाले नाहीत.

शनिवारी हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा पाहिला. छान झालं, गर्दी कमी होती, त्यावर पुष्कळांनी लिहिलेलं आहे. रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघीच पुन्हा रिचमंडला आलो, आणि वेळापत्रक बघून, भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास आहे याची खात्री करून, त्याच वॉरन फुटपाथने निघालो. वाट पूर्ण उघडी होती. शुक्रवारच्या पाण्याची खूण कुंपणांवर गाळाच्या रेषेसारखी होती, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली. त्या रेषेवर मी हात ठेवून बघितला.

मग झाडी संपली, डावीकडे नदी तशीच राहिली आणि उजवीकडे एकदम हिरवळ उघडली. तिच्या टोकाला, नदीपासून बरंच आत, पांढरं घर.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पुण्यात पंचवीस वर्षं इमारतींचे हिशोब करते आहे. इमारतीपुढे उभं राहिल्यावर भार कुठून कुठे जातो ते आधी दिसतं, सौंदर्य नंतर. इथे दोन्ही एकदम दिसलं, आणि मी बराच वेळ हिरवळीवर नुसती उभी राहिले. घर लहान आहे. राजवाडा बघायच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. एका ओळीत पाच खिडक्या, तीन मजले, वर चारी बाजूंनी उतरतं छप्पर. तळमजला बुटका, मधला उंच, वरचा पुन्हा बुटका. मधल्या तीन खिडक्यांचा भाग किंचित पुढे काढलेला आणि त्याच्यावर त्रिकोणी शिरोभाग. नदीकडच्या या दर्शनी भागावर खांब नाहीत, नक्षी जवळजवळ नाही. विटांच्या भिंतींना पांढरा गिलावा आणि कडांना दगड, एवढंच. जे काही आहे ते मापात आहे. खिडकीची उंची, दोन खिडक्यांमधली भिंत, मजल्यांची चढ-उतार यांतलं काहीही इंचभर हललं तरी घर बिघडेल असं वाटतं.

उत्तरेकडून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने आलात तर वेगळं घर दिसतं. तिकडे दोन मजले उंचीचे चार चपटे आयोनिक (माथ्याशी गुंडाळीसारखी वळणं असलेले) स्तंभ भिंतीला लावलेले आहेत. बाजू भारदस्त आहे. पण ती रस्त्याची बाजू. अठराव्या शतकात पाहुणे मुख्यतः नावेने यायचे आणि दिवाणखान्याचं दार नदीकडे आहे. तेव्हा रस्त्याने आलात तरी लगेच आत शिरू नका. घराला वळसा घाला, हिरवळ उतरून नदीपर्यंत जा, पाठ नदीला करून उभ्या राहा आणि मग चालत घराकडे या. मार्बल हिल बघायचं तर हे चाळीस-पन्नास श्वासांचं अंतर चुकवू नका. शुक्रवारी आम्ही मागच्या बाजूने घाईत शिरलो आणि मला हे घर कळलंच नव्हतं.

आत शिरल्यावर दिवाणखान्यात चार खांब आहेत. हे चार खांब म्हणजे रोमन घराच्या मधल्या उघड्या चौकाची आठवण. इटलीतला वास्तुकार पॅलाडिओ (१५०८–१५८०) जुन्या रोमन अवशेषांची मापं घेऊन घरं बांधायचा, त्याची पुस्तकं इंग्लंडात पोचली, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लिश वास्तुकार इनिगो जोन्सने ती पद्धत तिथे रुजवली आणि १७२० च्या दशकात ती पुन्हा जोरात आली. मार्बल हिल त्या लाटेतलं. घरात आल्यावर जाऊ पहिल्यांदा बोलली ती इथे: “ताई, हा तर आपला वाड्याचा चौक, वर छत घातलेला.” ती कसब्यात वाड्यात वाढली आहे. मला तिचं म्हणणं पटलं. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला, म्हणजे हे घर पुरं झाल्याच्या पुढच्याच वर्षी. दोन्हीकडच्या गवंड्यांना एकमेकांची खबर नव्हती, तरी मधे मोकळी जागा आणि भोवती खांब ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

तिथून महोगनीचा जिना. गडद, रुंद, हाताला गुळगुळीत लागणारा. हे लाकूड मध्य अमेरिकेच्या जंगलांतून आलं आणि ते तोडण्याचं काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. घराची मांडणी करणाऱ्यांनी हे लपवलेलं नाही, ते मला योग्य वाटलं. जिना फक्त पहिल्या मजल्यापर्यंत जातो. वरच्या मजल्याला वेगळा दगडी जिना आहे. म्हणजे पाहुण्यांची शान पहिल्या मजल्यावर संपते, हे लाकडानेच सांगितलेलं आहे.

आणि पहिल्या मजल्यावर ती खोली. नाव नुसतं ग्रेट रूम. लांबी २४ फूट, रुंदी २४ फूट, उंची २४ फूट. माझी दहा पावलं एका बाजूने, दहा दुसऱ्या बाजूने. चौकोनी ठोकळा पोकळ करून त्यात आपल्याला उभं केलंय असं वाटतं. कागदावर घन ही सोपी आकृती आहे, पण खोली घनाच्या मापाची केली की ती अंगावर येण्याचा धोका असतो, विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. इथे तसं होत नाही. छताकडे जाताना भिंत हळूच आत वळवली आहे, त्यामुळे नजर कोपऱ्यात अडत नाही. पांढऱ्या भिंतींवर सोनेरी कोरीवकाम, आणि १७३८ मध्ये या खोलीसाठी काढलेली इटालियन चित्रकार पानिनीची रोमन अवशेषांची चित्रं. ती मधल्या काळात घरातून गेली होती, त्यातली काही शोधून परत आणली आहेत. खिडक्या नदीकडे. शुक्रवारी याच खिडकीतून मी बुडालेला काठ पाहिला असता, पण तेव्हा वर चढायला वेळच मिळाला नाही.

घनाची कल्पना आरेखकांची एकट्याची नव्हती. बांधकाम रॉजर मॉरिसचं, आणि त्याच्याबरोबर हेन्री हर्बर्ट हा उमराव, पुढे पेम्ब्रोकचा नववा अर्ल. त्याच्या घराण्याच्या विल्टन इथल्या वाड्यात ३० फुटांची घनाकार खोली आधीपासून होती. तो लहानपणापासून ते माप बघत आलेला. इथे त्याने ते लहान केलं.

पण हे घर ज्या बाईने बांधलं तिच्याबद्दल न सांगता पुढे जाणं बरोबर नाही, कारण घराचा आकारही तिच्या परिस्थितीतून आला आहे. हेन्रिएटा हॉवर्ड. १७०६ मध्ये लग्न झालं, नवरा दारुडा, जुगारी आणि मारणारा. राजदरबारात नोकरी धरली, पुढे युवराजाची, म्हणजे नंतरच्या दुसऱ्या जॉर्जची, अंगवस्त्र म्हणून तिची ओळख झाली. तिला ऐकू कमी यायचं. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची असे. १७२३ मध्ये युवराजाने तिला सुमारे ११,५०० पाउंडांचे शेअर आणि दागिने, सामान दिलं, ते विश्वस्तांच्या नावे, नवऱ्याचा हात लागणार नाही अशा शब्दांत लिहून. त्या पैशांतून विश्वस्तांनी ही जमीन घेतली. तिने दरबार सोडला १७३४ मध्ये, पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं, सुखाचं, आणि १७६७ मध्ये मरेपर्यंत हे घर तिचं राहिलं. कवी अलेक्झांडर पोप शेजारी राहायचा, त्याने बागेच्या आखणीत मदत केली. तिची निजायची खोली ग्रेट रूमजवळच आहे, पलंगाच्या कोनाड्यापुढे दोन खांब. मी त्या खोलीत जास्त थांबले. स्वतःच्या दाराला आतून कडी लावता येणं म्हणजे काय, हे त्या बाईला माहीत होतं.

म्हणून घर लहान आहे. यात मोठ्या कुटुंबाची सोय नाही, दरबार भरवायची नाही. काही मोजक्या मित्रांना बोलवावं, त्यांच्याशी जवळ बसून बोलावं, एवढ्यासाठी ते आहे. जेवणाच्या खोलीत हाताने रंगवलेला चिनी पद्धतीचा कागद भिंतींना आहे, तो अलीकडे नव्याने करून लावलेला. आवडला, पण त्यावर फार वेळ घालवू नका. सगळ्यात वरच्या मजल्यावरची लांब खोली पाऊस असताना फेऱ्या मारायला होती. बागेतली कृत्रिम गुहा आणि बर्फ साठवायचं तळघर दहा मिनिटांत होतं. जुनं काळं अक्रोडाचं झाड मात्र शोधून बघा, त्याच्या फांद्या जमिनीला टेकायला आल्या आहेत.

तिथल्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारा. आम्हाला एका आजोबांनी तासभर हिंडवलं, मापं सांगितली, आणि कोणी पैशांचं नाव काढलं नाही. ४२ पाउंडांत शुक्रवारी जे मिळालं नाही ते इथे असं मिळालं.

घर वाचलं कसं, हेही त्या आजोबांकडून ऐकलं आणि नंतर पडताळून पाहिलं. १८९८ मध्ये जहाजवाल्या क्यूनार्ड घराण्याने ही जागा घेतली, घरं बांधून विकण्यासाठी. रस्ते, गटारं आखायला सुरुवातही झाली. नदीपलीकडे रिचमंडची टेकडी आहे, तिच्यावरून थेम्सचं वळण आणि ही हिरवळ दिसते. तो देखावा जाणार म्हणून लोक उठले. १९०२ मध्ये संसदेने कायदा करून तो देखावा राखला, १९०३ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. लांबून दिसणाऱ्या देखाव्यासाठी कायदा झाला आणि त्यामुळे घर वाचलं. टेकडीवर जायला वेळ असेल तर जा, चढ सोपा आहे, तिथून हे घर झाडांत कुठे बसलंय ते कळतं.

जेवण घरून न्या. आम्ही पोळी-भाजीचा डबा नेला होता, हिरवळीवर बसून खाल्ला, कोणी हटकलं नाही. तबेल्याच्या जुन्या इमारतीत चहा-कॉफी मिळते, स्वच्छतागृहही तिथेच. बागेच्या खालच्या धक्क्यावरून पलीकडे हॅम हाउसकडे माणसं नेणारी छोटी फेरीबोट असते. ती त्या दिवशी आहे का, ते आधी विचारून घ्या, तिच्यावर परतीचा बेत बांधू नका.

दुपारी नदीकाठाने पुढे ट्विकनमकडे गेलो. ऑर्लीन्स हाउसची अष्टकोनी खोली वास्तुकार जेम्स गिब्सची, साधारण १७२० ची. अर्धा तास पुरे. त्यानंतरचं यॉर्क हाउस बहुतेक जण वगळतात. मराठी माणसाने वगळू नये. १९०६ च्या सुमारास हे घर घेतलं सर रतन टाटांनी, जमशेटजींच्या धाकट्या मुलाने. मुंबईच्या म्युझियमला, आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, ज्यांचा कलासंग्रह मिळाला ते हेच. बागेत नदीच्या बाजूला इटालियन संगमरवरातल्या जलपऱ्यांचा मोठा पुतळासमूह आहे, तो त्यांनीच आणून बसवला. १९१८ मध्ये ते गेले, नंतर त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी घर विकलं. आज तिथे नगरपालिकेची कार्यालयं आहेत आणि बाग सगळ्यांना खुली आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या छोट्या पुलाने पुतळ्यांकडे जाता येतं. जाऊ त्या पुलावर उभी राहून म्हणाली, “आपल्याकडे शाळेत हे कोणी सांगितलंच नाही.” मलाही सांगितलं नव्हतं.

पुतळ्यांपाशी बसलो होतो तेव्हा पावणेपाच झाले होते. पुलावरून खाली बघितलं तर नदीलगतच्या रस्त्याच्या कडेला पाणी आलं होतं. आवाज नव्हता, लाट नव्हती, गटाराच्या जाळीतून वर येऊन ते डांबरावर पसरत होतं. भरतीला अजून तास होता. खालून एक कुटुंब मार्बल हिलच्या दिशेने निघालं होतं, बाबागाडीत मूल, हातात फोनवरचा नकाशा. मी पुलावरून हाक मारली आणि वरच्या रस्त्याने जा म्हणून सांगितलं. बाईंनी नकाशाकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि बाबागाडी वळवली.